पाच किलो वॉशर, पण पाच हजार नग नाहीत: वजनावरून मोजणीचे एक प्रकरण

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर वॉशर प्रेसशॉपकडून (पत्रा कापून वॉशर काढणाऱ्याकडून) गोणीत आणि किलोच्या भावाने येतो. कारखानदाराकडे तो पिशवीत आणि नगाच्या भावाने जातो. मधे कुठेतरी किलोचे नग करावे लागतात आणि तुटीच्या बहुतेक तक्रारी याच जागी तयार होतात. या प्रकरणातल्या व्यापाऱ्याची पेढी नागदेवीला आहे, पॅकिंगचा गाळा साकीनाक्याला. गिऱ्हाईक म्हणजे पत्र्याच्या पॅनल-पेट्या बनवणारा ठाण्याचा एक कारखाना.

माल साधा: एम६ मापाचा (६ मिमीच्या बोल्टचा), झिंक प्लेटिंग केलेला पोलादी वॉशर. ऑर्डर ४० पिशव्यांची, दर पिशवीत ५,००० नग, म्हणजे एकूण २ लाख. गाळ्यात ३० किलोचा मोजणी-काटा होता, म्हणजे वजनाला एका नगाच्या वजनाने भागून नगांची संख्या दाखवणारा; लीस्ट काउंट, म्हणजे काट्याला दिसणारा सर्वांत लहान फरक, २ ग्रॅम. काट्याच्या मेमरीत या वॉशरचे नगाचे वजन १.००० ग्रॅम असे भरलेले होते. मुलगा मालाचा कोड दाबायचा, रिकामी पिशवी ठेवून टेअर करायचा (तिचे वजन वजा करून शून्य आणायचा) आणि आकडा ५,००० वर येईपर्यंत वॉशर ओतायचा. प्रत्यक्षात प्रत्येक पिशवी ५ किलोवर थांबत होती.

कारखान्यात हा वॉशर हार्डवेअरच्या छोट्या पाकिटांत जातो, दर पाकिटात चार. ५,००० ची एक पिशवी फोडली की १,२५० पाकिटे भरली पाहिजेत. काही पिशव्यांतून तेवढी भरली, काहींतून १,१७८ वरच वॉशर संपले. संगणकात शिल्लक दिसते आणि टेबलावर माल नाही, अशा वेळी कारखान्याच्या स्टोअरकीपरवर संशय जातो, मग व्यापाऱ्यावर, मग टेम्पोवाल्यावर. माल आत घेताना स्टोअरनेही पिशव्या वजन करूनच घेतल्या होत्या आणि त्यांच्या रजिस्टरमध्येही नगाचे वजन १ ग्रॅमच होते. दोन्हीकडे एकच चुकीचा आकडा वापरला, त्यामुळे दोन्हीकडचा हिशेब जुळला. गिऱ्हाइकाने विक्रेत्याकडूनच नगाचे वजन मागून घेतले असेल, तर आवक तपासणीला काही अर्थ उरत नाही.

आधी हाताने मोजणी

अशा भांडणात पहिले काम म्हणजे काटा बाजूला ठेवून दोन-तीन पिशव्या हाताने मोजणे. ५,००० वॉशर बोटांनी मोजायला बसले तर दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत. सोपा उपाय म्हणजे शंभर खड्ड्यांची पाटी: अॅक्रिलिकच्या जाड पट्टीत दहा ओळी, दर ओळीत दहा खड्डे, खड्डा १२.५ मिमी व्यासाचा आणि दीड मिमी खोल. वॉशरचा बाहेरचा व्यास १२ मिमी, जाडी दीड मिमीच्या थोडी वर. त्यामुळे एका खड्ड्यात एकच बसतो आणि वर आलेला दुसरा पाटी हलवली की घसरून जातो. मूठभर वॉशर टाकायचे, पाटी तिरकी करून हलवायची, रिकामे राहिलेले खड्डे बोटाने भरायचे आणि पाटी डब्यात उलटी करायची. पन्नास पाट्या म्हणजे ५,०००. पाट्यांची खूण कागदावर पाच-पाचच्या रेघांनी दुसऱ्या माणसाने करायची. जो पाटी भरतो त्याने मोजायचे नाही.

तीन पिशव्या मोजल्या. एकीत ५,००६ नग निघाले, दुसरीत ४,७१५, तिसरीत ४,७११. तिन्हींचे वजन मात्र ५ किलोच. तीन आकडे तीन ठिकाणी विखुरलेले असते तर काटा किंवा माणूस यांच्याकडे बोट गेले असते. इथे एक आकडा बरोबर आहे आणि उरलेले दोन एकमेकांना चिकटून आहेत. म्हणजे माल दोन प्रकारचा आहे, हे एवढ्यावरूनच दिसत होते.

तरीही काटा तपासला, कारण तपासल्याशिवाय पुढची चर्चा होत नाही. काट्याच्या पातळीचा बुडबुडा मधोमध, शून्य परत येते, ५ किलोचे प्रमाणित वजन ठेवल्यावर ५.००० दिसते. १० किलोचे वजन मधे आणि चारही कोपऱ्यांवर ठेवले तर फरक २ ग्रॅमचा, म्हणजे दोन वॉशरांचा. काट्यावर वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ खालचे चालू वर्षाचे मुद्रांकनही होते. ते मुद्रांकन वजनापुरते असते. मेमरीत नगाचे वजन काय भरले आहे, हे निरीक्षक बघत नाही आणि त्याने बघायचेही नसते.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. नमुना (नगाचे वजन काढायला मोजून ठेवलेले थोडे नग) आणि माल एकाच काट्यावर तोलले तर त्या काट्याची सरसकट चूक मोजणीत उतरत नाही. काटा ०.३ टक्के जास्त दाखवत असेल तर नगाचे वजनही ०.३ टक्के जास्त येते, पिशवीचेही तितकेच जास्त येते, आणि भागाकारात दोन्ही कटतात. नडते ती शून्याची चूक. २०० ग्रॅमचा नमुना तोलताना शून्यावर २ ग्रॅम शिल्लक राहिले तर नगाचे वजन १ टक्क्याने चुकले, आणि ती चूक पुढे प्रत्येक पिशवीत जाते.

वॉशरचे वजन वॉशरचे नसते, कॉइलचे असते

आयएसओ ७०८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एम६ वॉशरचे भोक ६.४ मिमी, बाहेरचा व्यास १२ मिमी, जाडी १.६ मिमी. पोलादाची घनता ७.८५ धरली तर वजन १.०२ ग्रॅमच्या जवळ येते. बाजारात 'एक ग्रॅमचा वॉशर' म्हणतात ते यावरूनच. पण हेच मानक जाडीला १.४ ते १.८ मिमी, बाहेरच्या व्यासाला ११.५७ ते १२ आणि भोकाला ६.४ ते ६.६२ मिमी एवढी सूट देते. सगळी मापे हलक्या बाजूला गेली तर वॉशर ०.७८ ग्रॅमचा, सगळी जड बाजूला गेली तर १.१४ ग्रॅमचा. दोन्ही मानकात बसतात, दोन्ही नाकारता येत नाहीत, आणि दुसरा पहिल्याच्या जवळपास दीडपट जड आहे. नुसत्या जाडीची सूटच साडेबारा टक्के खाली, साडेबारा टक्के वर. ही सूट वॉशरच्या कामाच्या दृष्टीने योग्य आहे. बोल्टखाली बसणाऱ्या वॉशरला दोन दशांश मिमी जाडीने काही फरक पडत नाही. मोजणी करणाऱ्याला मात्र सगळा फरक याच सुटीतून पडतो.

मोजलेल्या पिशव्यांतले वॉशर मायक्रोमीटरखाली धरले. ५,००६ नगांच्या पिशवीतले १.५५ मिमी जाडीचे होते, तुटीच्या दोन पिशव्यांतले १.६५ मिमीचे. प्रेसशॉपमध्ये मधेच कॉइल, म्हणजे पोलादी पट्टीची गुंडाळी, बदलली होती. एका कॉइलमधल्या पट्टीची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत फारशी हलत नाही, पण एक कॉइल संपून दुसरी लागली की जाडी एकदम उडी मारते. प्रेसवाल्याने कॉइल बदलल्याची खूण गोणीवर केली नव्हती, कारण तो किलोने विकतो आणि त्याच्या दृष्टीने काहीच बदललेले नव्हते.

हिशेब असा. पहिल्या कॉइलचा वॉशर प्लेटिंगसह ०.९९८ ग्रॅम. ५ किलोत ५,०१० नग. दुसऱ्या कॉइलचा १.०६१ ग्रॅम. ५ किलोत ४,७१३ नग, म्हणजे २८७ कमी. ४० पिशव्यांपैकी २२ पहिल्या कॉइलच्या आणि १८ दुसऱ्या कॉइलच्या होत्या. २ लाखांच्या जागी १,९५,०५४ नग गेले. ४,९४६ ची तूट. पिशवीत ४,७१३ नग आणि पाकिटात चार, म्हणजे ११७८ पाकिटे. कारखान्याची तक्रार या आकड्याशी नेमकी जुळते.

प्लेटिंगचाही वाटा मोजून ठेवावा. अशा एका वॉशरचा सगळा पृष्ठभाग सुमारे २५० चौरस मिमी भरतो. त्यावर ७ मायक्रॉन झिंक चढले तर साधारण १३ मिलिग्रॅम वाढतात, म्हणजे १.३ टक्के. प्लेटिंगआधी घेतलेले नगाचे वजन प्लेटिंगनंतर वापरले तर ५,००० मागे ६५ नगांची तूट येते. तेलकट, बिनप्लेटिंगच्या मालात तेलाचे वजन असते ते वेगळेच. शिवाय तेलाने दोन वॉशर एकमेकांना चिकटले की नमुना मोजणारा त्यांना एक धरतो.

हाच घोळ नाण्यांत सगळ्यांना दिसतो. १९९२ पासूनचे १ रुपयाचे पोलादी नाणे ४.८५ ग्रॅमचे, २०११ च्या मालिकेतले ३.७९ ग्रॅमचे. मिसळलेल्या रुपयांची पिशवी तोलून रक्कम सांगता येत नाही, हे गल्ल्यावरच्या कोणालाही पटते. वॉशरवर साल छापलेले नसते, एवढाच फरक.

१.००० हा आकडा आला कुठून

मेमरीतला आकडा दहा वॉशर ठेवून भरला होता. बहुतेक मोजणी-काट्यांवर नमुन्याची सुरुवातीची संख्या १० असते आणि घाईत ती कोणी बदलत नाही. आता २ ग्रॅम लीस्ट काउंटच्या काट्यावर पहिल्या कॉइलचे दहा वॉशर ठेवले तर खरे वजन ९.९८ ग्रॅम, काटा दाखवणार १०. दुसऱ्या कॉइलचे दहा ठेवले तर खरे वजन १०.६१ ग्रॅम, तरीही काटा दाखवणार १०. सहा टक्क्यांचा फरक त्या काट्याला दहा नगांत दिसूच शकत नाही. शंभर नग ठेवले असते तर ९९.८ च्या जागी १०० आणि १०६.१ च्या जागी १०६ दिसले असते, आणि फरक डोळ्यांत भरला असता. १.०६ ने भरलेल्या पिशवीत दुसऱ्या कॉइलचे ४,९९५ नग येतात. २८७ ची तूट ५ वर आली असती, त्याच काट्यावर, एकही रुपया न खर्चता.

अनेक काट्यांवर नमुना हलका असल्याची सूचना दिसते आणि बटण दुसऱ्यांदा दाबले की निघून जाते. गाळ्यात नवीन आलेल्या मुलाला काटा शिकवताना हे दुसऱ्यांदा दाबणे आधी शिकवले जाते. ते आधी थांबवले पाहिजे.

दहा नगांत जितकी चूक, तिच्या पाचशेपट ५,००० नगांत. काटा अर्ध्या लीस्ट काउंटपर्यंत, म्हणजे १ ग्रॅमपर्यंत चुकू शकतो. दहा नगांत १ ग्रॅम म्हणजे १० टक्के, शंभरात १ टक्का, हजारात ०.१ टक्का. ५,००० च्या पिशवीत ५ नगांच्या आत राहायचे तर या काट्यावर हजार वॉशर मोजून ठेवायला हवेत, दर लॉटला. पाटी घेऊनसुद्धा ते काम कोणी रोज करणार नाही. म्हणून दुसरा, छोटा काटा लागतो.

किती नगांचा नमुना

समजा काटा अचूक आहे. तरी एकाच कॉइलचे वॉशर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. झवेरी बाजार नागदेवीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथे ०.००१ ग्रॅम दाखवणारे काटे रोजच्या वापरात असतात. तशा काट्यावर एका कॉइलचे तीस वॉशर एकेक करून तोलले तर या मालात विखुरणी, म्हणजे नगांची वजने सरासरीपासून साधारण किती दूर पडतात ते प्रमाण, सरासरीच्या ०.८ टक्के आली. ही विखुरणी पिशवीत जवळजवळ विरून जाते: ५,००० नगांत हलके-भारी एकमेकांना भरून काढतात आणि फरक उरतो अर्ध्या नगाच्या आसपास. नमुन्यात मात्र ती विरत नाही, कारण नमुना लहान असतो. १० नगांच्या नमुन्यावरून ५,००० मोजले तर बहुतेक वेळा चूक २५ नगांपर्यंत येते, ५० च्या नमुन्यावरून ११ पर्यंत, २०० वरून ६ पर्यंत. नमुना चौपट केला की चूक निम्मी होते. २०० च्या पुढे जाऊन फायदा थोडा आणि वेळ फार, म्हणून एका कॉइलच्या मालासाठी २०० नग, म्हणजे दोन पाट्या, हा सौदा बरा.

हे सगळे गणित 'एका कॉइलच्या' या अटीवर उभे आहे. अट मोडली की दोन हजारांचा नमुनाही उपयोगी नाही, कारण तो भलत्याच मालाचे वजन अचूक सांगतो.

चाळीस पिशव्यांचा निकाल

सगळ्या पिशव्या परत आणून ओतायची गरज नव्हती. दर पिशवीतून वरून वीस आणि हात खाली घालून तळाचे वीस वॉशर काढले आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर वेगवेगळे तोलले. पहिल्या कॉइलचे वीस १९.९६ ग्रॅमच्या आसपास, दुसरीचे २१.२२ च्या. सव्वा ग्रॅमचा फरक ०.०१ च्या काट्यावर लपत नाही. तळ आणि वर एकच आकडा आला तर पिशवी एका कॉइलची. १८ पिशव्या दुसऱ्या कॉइलच्या निघाल्या. प्रत्येकीत पाटीने मोजलेले ३०० नग भरले: तीन पाट्या, वजन नाही. एवढी थोडी संख्या हाताने मोजणेच पक्के. एकूण ५,४०० नग लागले, नुसत्या या १८ पिशव्यांची तूट ५,१६६ ची होती, वरचे थोडे सुरक्षेसाठी. कारखान्याने यातली एक पिशवी आपल्या माणसांकडून पुन्हा मोजून घेतली आणि प्रकरण पैशांच्या बाजूने मिटले.

गाळ्यातली नवी पद्धत

छोटा काटा ३०० ग्रॅमचा, लीस्ट काउंट ०.०१ ग्रॅम. तो पोटमाळ्यावर ठेवता येत नाही. लाकडी फळ्यांवर माणूस चालला की आकडा हलतो, आणि शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस असेल तर दिवसभर हलतो. भिंतीत बसवलेल्या कडप्प्याच्या लादीवर तो स्थिर राहिला. पंख्याचा झोत अंगावर नको. काट्याभोवती काचेचे आवरण नसेल तर तोलताना पंखा बंद. सकाळी चालू करून वीस मिनिटे तापू द्यायचा, मग शून्य करायचा.

आता नमुना एका काट्यावर आणि माल दुसऱ्यावर, म्हणून सरसकट चूक कटत नाही. दोन्ही काटे खरेच असावे लागतात. दोघांना एकच वजन ठेवून ताडता येत नाही, कारण मोठ्या काट्यावर २०० ग्रॅम म्हणजे फक्त शंभर घरे. उपाय म्हणजे एकाच प्रमाणित संचातली दोन वजने: छोट्यावर २०० ग्रॅमचे, मोठ्यावर ५ किलोचे. एम१ या अचूकतेच्या वर्गाचा संच पुरतो. त्यातल्या ५ किलोच्या वजनाची सूट २५० मिलिग्रॅम असते, म्हणजे पाव वॉशर. रोज सकाळी दोन्ही ठेवून आकडा वहीत लिहायचा.

गोणी आली की तिच्यावर प्रेसशॉपचा कॉइल नंबर हवा; ही अट आता खरेदीच्या ऑर्डरवरच लिहिली जाते. नंबर असो वा नसो, गोणीच्या वरून, मधून आणि तळातून एकेक पाटी काढायची. मध्य आणि तळ गाठायला गोणी अर्धी दुसऱ्या टबात ओतावी लागते, आळस करून चालत नाही. तीन पाट्यांची वजने एकमेकांपासून १ टक्क्याच्या आत असतील तर गोणी एकजिनसी. त्यातल्या दोन पाट्यांच्या २०० नगांवरून नगाचे वजन तीन दशांशांपर्यंत काढायचे आणि ते गोणीच्या टॅगवर लिहायचे. काट्याच्या मेमरीत मालाच्या कोडखाली ठेवायचे नाही. मेमरी रिकामी असली की माणसाला टॅग वाचावाच लागतो. या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल हाच होता, आणि सगळ्यात जास्त विरोधही यालाच झाला.

भरताना लक्ष्य ५,०१० नगांचे ठेवतात. नमुन्याचे ६, मोठ्या काट्याचा १, पिशवीच्या वजनाचे १-२ असे धरले तर दहा नग वर ठेवणे पुरते. दुसऱ्या कॉइलसाठी ते ५,३१६ ग्रॅम होतात, पहिलीसाठी बरोबर ५,०००. चाळीस पिशव्यांमागे ४०० नग फुकट जातात, अर्धा किलोही नाही. तूट भरायला टेम्पो ठाण्याला पाठवण्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

पिशवीच्या वजनाकडे फार दुर्लक्ष होते. २५ बाय ३५ सेंटीमीटरची ५० मायक्रॉनची पिशवी ८ ग्रॅमची, ७५ मायक्रॉनची १२ ची. टेअर ५० च्या पिशवीचा घेऊन दुपारी ७५ च्या पिशव्या संपवायला काढल्या तर दर पिशवीत चार वॉशर कमी. खोक्यात भरायचे असेल तर खोक्यासकट तोलूच नये. जुलैत मुंबईची हवा पुठ्ठ्यात मुरते आणि २५० ग्रॅमचे खोके चार टक्क्यांनी जरी जड झाले तरी दहा वॉशरांचा पासंग विनाकारण तयार होतो. नायलॉनचे वॉशर आणि स्पेसर याहून कठीण. नायलॉन ६६ कोरडे असताना आणि मध्यम दमट हवेत मुरल्यावर यांत अडीच टक्क्यांचा फरक पडतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. तिथे नमुना त्याच पिशवीतून, त्याच दिवशी.

दिवस संपताना ताळा: आलेल्या गोण्यांचे निव्वळ वजन एका बाजूला, भरलेल्या पिशव्यांचे आणि उरलेल्या मालाचे दुसऱ्या. यात वजन जुळते की नाही एवढेच कळते, नग नाही. म्हणून प्रत्येक लॉटची एक पिशवी पाटीने पूर्ण मोजायची. पन्नास पाट्या, एक माणूस, एक खूण करणारा.

मिसळलेली गोणी

कॉइल नंबरची शिस्त प्रेसशॉपपर्यंत चालते आणि प्लेटिंगवाल्याकडे मोडते. बॅरल प्लेटिंगमध्ये माल ड्रममध्ये फिरतो आणि ड्रम भरायला दोन कॉइलचा माल एकत्र टाकला जातो. परत येतो तेव्हा गोणीत ०.९९८ आणि १.०६१ चे वॉशर शेजारी शेजारी असतात. निम्मे-निम्मे असतील तर विखुरणी ०.८ वरून ३ टक्क्यांच्या थोडी वर जाते. नीट ढवळलेल्या अशा मालात २०० च्या नमुन्याची चूक २३ नगांपर्यंत जाते, ४०० च्या नमुन्याची १६ पर्यंत. तेव्हा चार ठिकाणांहून चार पाट्या आणि लक्ष्य ५,०२०. पण नीट ढवळलेला असेल तरच. ड्रममधून टबात आणि टबातून गोणीत ओतताना थर पडलेले असतील, तर वरच्या पाट्या हलक्या आणि तळाच्या भारी येतात. मग एकच मार्ग: सगळी गोणी टबात ओतून फावड्याने दोन-तीनदा उलटसुलट करणे आणि पाट्या पुन्हा काढणे. प्लेटिंगवाल्याला दर कॉइलचा वेगळा ड्रम लावायला सांगता येते, पण अर्धा ड्रम फिरवण्याचे पैसे तो मागतो, आणि ते मागणे रास्त आहे. लहान मालाला ते परवडत नाही.

काही काट्यांत नमुना वाढवत नेण्याची सोय असते: वीस मोजून ठेवा, मग न मोजता मूठभर टाका, काटा साठ दाखवतो, सरासरी ताजी करा, पुन्हा टाका. एका कॉइलच्या मालात, बारीक लीस्ट काउंटच्या काट्यावर हे चालते, कारण नग पूर्णांकात असतात आणि चूक अर्ध्या नगाच्या आत असेतो काटा बरोबर संख्येवर येतो. एकदा तो एका नगाने चुकला की ती चूक सरासरीत पक्की होते आणि पुढे वाढत जाते. दर वेळी दुपटी-तिपटीपेक्षा जास्त टाकू नये. मिसळलेल्या मालात आणि २ ग्रॅमच्या काट्यावर ही सोय वापरूच नये.

पाकिटांचे वजन

तूट भरून झाल्यावर कारखान्याने विचारले की तयार पाकिटे तोलून त्यांत वॉशर कमी आहे का हे कळेल का. पाकिटात चार एम६ बाय २० चे बोल्ट, चार नट आणि चार वॉशर. बोल्ट सुमारे ६ ग्रॅमचा, नट अडीचच्या आत-बाहेर. चार बोल्ट २४-२५ ग्रॅम. बोल्टच्या दोन लॉटमध्ये ३ टक्के फरक असेल तर ०.७ ग्रॅम इथेच. नटांचे ०.३. बेरीज १ ग्रॅम, म्हणजे एका वॉशरइतकी. वॉशर विसरलेले पाकीट आणि जड बोल्टचे पाकीट काट्यावर एकाच आकड्यावर येतात.

लॉट बदलला की प्रमाण-पाकीट नव्याने हाताने भरून तोलले, तर लॉटचा फरक निघून जातो आणि ०.१ ग्रॅमच्या काट्यावर हरवलेला वॉशर पकडता येतो. दिवसातून तीन लॉट बदलत असतील तर ते निभत नाही. त्यापेक्षा पाकीट भरण्याच्या टेबलावर चार खाचांची लहान पाटी ठेवावी, चार वॉशर खाचांत बसले की एकदम पाकिटात ओतावेत, आणि काटा फक्त बोल्ट आणि नट पकडायला वापरावा. ६ ग्रॅमचा बोल्ट किंवा अडीच ग्रॅमचा नट कमी पडला तर १ ग्रॅमच्या फरकातून तो स्पष्ट वेगळा दिसतो.